‘फक्त मशहद येथेच पैसे मिळतील’

परवा संध्याकाळी स्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेत होतो. तेवढ्यात आमचे अण्णा आले. अण्णा म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले वाहक. नोकरीभर लोकांच्या नोटा मोजल्या, आता जुन्या नोटा आणि नाणी जमवतात. खिशातून मोबाईल काढून त्यांनी माझ्यापुढे धरला.

"पत्रकार, हे वाच बघू. आमच्या ग्रुपवर फोटो आलाय. शंभर वर्षांपूर्वीची इराणची नोट म्हणे. मग ह्याच्यावर इंग्रजी कसं काय?"

बघितलं. तुऱ्याची टोपी घातलेला, मिशीवाला शहा. एका बाजूला सिंह आणि त्याच्या पाठीवर उगवलेला सूर्य. फारसी अक्षरं आहेत, पण वर ठळक इंग्रजीत बँकेचं नाव, ‘इम्पीरियल बँक ऑफ पर्शिया’. आणि नोटेवर वेगळा छापलेला एक शिक्का. त्याचा अर्थ एवढाच की, पैसे फक्त मशहद येथे मिळतील.

अण्णा म्हणाले, "म्हणजे नोट अख्ख्या देशाची, आणि पैसे एकाच गावात?"

मला आधी हसू आलं. मग आलं नाही. कारण असलाच एक कागद आमच्या गावात दीड वर्षापासून एका बंद शटरवर चिकटवलेला आहे. ‘ठेवींबाबत फक्त मुख्य कार्यालयात संपर्क साधावा.’ आणि मुख्य कार्यालयालाही कुलूप आहे. कुठल्या पतसंस्थेबद्दल बोलतोय ते गावातल्यांना सांगायला नको. नाव लिहीत नाही, प्रकरण चौकशीत आहे.

त्याच्यावर शेवटी येतो. आधी त्या नोटेची गोष्ट सांगतो. थोडी लांबची आहे, पण वेळ काढून वाचा. आपल्याच कामाची आहे.

गोष्ट सुरू होते आमच्याच धंद्यातल्या एका माणसापासून. पत्रकारितेच्या डिप्लोमाला असताना आम्हाला रॉयटर शिकवला होता. पॉल ज्युलियस रॉयटर, जन्म जर्मनीतला. तारायंत्राची लाइन जिथे तुटलेली होती तिथे, आखन ते ब्रसेल्स, त्याने १८५० मध्ये कबुतरांच्या पायाला चिठ्ठ्या बांधून शेअर बाजाराचे भाव पोचवले. दुसऱ्या वर्षी लंडनला जाऊन वृत्तसंस्था काढली. आजही परदेशातल्या बातमीखाली तुम्ही जे नाव वाचता, ते याचंच. परीक्षेत आम्ही कबुतरं लिहिली आणि मार्क घेतले. ह्याच रॉयटरने पुढे काय केलं, ते मात्र कोणी शिकवलं नाही.

१८७२ साली इराणच्या शहाने, म्हणजे नासिरुद्दीन शहाने, या रॉयटरला एक करार करून दिला. शहाला पैसे हवे होते. दरबाराचा खर्च मोठा, तिजोरी रिकामी, आणि युरोपच्या सफरीची तयारी चाललेली. करारात काय काय होतं? देशभरातली रेल्वे. सोनं, चांदी आणि रत्नं सोडून बाकी बहुतेक खाणी. जंगलं. कालवे. वर जकातीची वसुली. रेल्वे आणि खाणी ७० वर्षांसाठी, जकात २५ वर्षांसाठी. बँक काढायची तर तिथेही पहिला हक्क रॉयटरचाच. पुढे भारताचा व्हाइसरॉय झालेला लॉर्ड कर्झन, म्हणजे साम्राज्यवाद्यांतला अव्वल माणूस. त्यानेसुद्धा इराणवरच्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं की, अख्ख्या राज्याची साधनसंपत्ती अशी परक्याच्या हातात देऊन टाकल्याचं दुसरं उदाहरण सापडणार नाही. बघा म्हणजे.

हा करार टिकला नाही. धर्मगुरू भडकले, दरबारातले लोक उलटले, रशियाने डोळे वटारले, आणि ब्रिटिश सरकारही रॉयटरच्या पाठीशी उभं राहिलं नाही. १८७३ मध्ये शहाने करार रद्द केला. पण रॉयटरने अनामत म्हणून ठेवलेले ४० हजार पौंड अडकले, आणि हा माणूस विसरणारा नव्हता. सोळा वर्षं त्याने तगादा लावला. शेवटी ब्रिटिश वकिलाने मध्यस्थी केली आणि जानेवारी १८८९ मध्ये नवा करार झाला. रेल्वे नाही, जंगलं नाहीत. या वेळी मिळाली बँक. तिच्याबरोबर साठ वर्षांसाठी इराणमध्ये नोटा छापण्याचा एकट्याचा हक्क आणि काही खाणी.

बँकेचं नाव इराणचं, पण सनद दिली ती राणी व्हिक्टोरियाने. भागभांडवल लंडनच्या बाजारात उभं राहिलं. संचालक मंडळ लंडनला. नोटांची छपाईही लंडनलाच. तेहरानमध्ये व्यवस्थापक बसायचा, आणि नोटेवर इराणचा शहा बसायचा. एवढ्या बदल्यात शहाला काय मिळालं? निव्वळ नफ्याचे सहा टक्के, निदान वर्षाला ४ हजार पौंड. शिवाय लगेच एक कर्ज. किती? ४० हजार पौंड, सहा टक्के व्याजाने. आकडा ओळखीचा वाटला ना? जुन्या कराराच्या अनामतीचाच तो आकडा.

आता त्या शिक्क्याकडे येऊ.

इराणमध्ये तोवर सगळा व्यवहार चांदीच्या नाण्यात चालायचा. नाण्याचं नाव क्रान. दहा क्रानचा एक तोमान. चांदी खेचराच्या पाठीवर लादून एका शहरातून दुसऱ्या शहरात न्यायची. वाटेत डोंगर, वाळवंट, दरोडेखोर. मोठा व्यापार सराफांच्या चिठ्ठीवर चालायचा, जशी आपल्याकडे हुंडी. सराफ हा शब्दसुद्धा आपल्याकडे फारसीतूनच आलेला. त्यांच्याकडे सराफाच्या एका प्रकारच्या चिठ्ठीला ‘बीजक’ म्हणायचे. आपल्याकडचा व्यापारीही बिलाला बीजकच म्हणतो. सांगायचा मुद्दा हा की, कागदावर विश्वास ठेवणं त्या लोकांना नवीन नव्हतं. पण तो कागद ओळखीच्या माणसाचा असायचा. सराफाचा बाप, आजा, दुकान, घर सगळं माहीत असायचं. आता नवीन कागद आला तो साहेबाचा.

१८९० मध्ये नोटा बाहेर आल्या. करारात अट होती की, नोटांच्या बदल्यात ठरावीक प्रमाणात रोकड तिजोरीत पाहिजे. सुरुवातीची दोन वर्षं निम्मी, नंतर एक तृतीयांश. अट चांगली होती. पण रोकड म्हणजे चांदी, आणि चांदी एका रात्रीत तेहरानहून मशहदला कशी नेणार? रेल्वे जवळजवळ नाहीच. उद्या कोणी देशभरातून नोटा गोळा केल्या आणि एकाच शाखेच्या दारात गाडीभर ओतून चांदी मागितली तर? ही भीती खोटी नव्हती. बँकेवर रागावलेले सराफ होते, आणि रशियनांनीही लगोलग तेहरानमध्ये स्वतःची बँक काढली होती. म्हणून बँकेने तोड काढली. प्रत्येक नोटेवर शहराचं नाव छापायचं. तेहरान, तबरीझ, इस्फहान, शिराझ, बुशहर, रश्त, मशहद, यझ्द. ज्या शहराची नोट, पैसे त्याच शहरात.

बँकेच्या बाजूने हिशोब बरोबर. पण नोट हातात असलेल्या माणसाच्या बाजूने बघा. मशहदची नोट घेऊन तो शिराझला गेला, म्हणजे हजार किलोमीटरच्या पुढे. तिथे बँक तीच, नोट तीच, चित्रही त्याच शहाचं. पण खिडकीवरचा माणूस बांधील नाही. मग गाठायचा सराफ. तो वटाव कापून घेणार आणि उरलेले पैसे देणार. आपल्याच देशात, आपल्याच राजाचं चित्र असलेली नोट, आणि ती दुसऱ्या गावात कमी किमतीची.

नोट म्हणजे काय हो शेवटी? वचन. आपल्या शंभराच्या नोटेवर आजही रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही असते आणि वर लिहिलेलं असतं की, धारकाला शंभर रुपये अदा करण्याचं मी वचन देतो. वचन असेल तर तीन प्रश्न येतात. कोण देतंय? कुणाला? आणि कुठे पाळणार? मशहदच्या नोटेवर तिन्हीची उत्तरं छापलेली होती. देणारा लंडनचा, घेणारा इराणचा, आणि पाळायची जागा देणाऱ्याच्या सोयीची.

इथे कोणी म्हणेल, आपल्याकडे इंग्रजांनी वेगळं काय केलं? खरं आहे. १८६१ च्या कायद्याने भारतात सरकारी नोटा आल्या, तेव्हा त्यांनाही मंडळं होती. मुंबई मंडळाची नोट वेगळी, कलकत्त्याची वेगळी, मद्रासची वेगळी. पण पाच रुपयांच्या नोटेपासून सुरुवात करून १९०३ ते १९११ या काळात ते एकेका नोटेवरचं बंधन काढत गेले आणि शंभरापर्यंतच्या नोटा देशभर चालू झाल्या. परकं का होईना, नोट काढणारं सरकार होतं. इराणमध्ये काढणारी होती भागधारकांची कंपनी. सरकारला निदान राज्य चालवायचं असतं. कंपनीला लाभांश वाटायचा असतो.

पुढचं जरा पटकन सांगतो. मार्च १८९० मध्ये शहाने आणखी एक करार केला. देशातल्या सगळ्या तंबाखूची खरेदी-विक्री एका इंग्रज माणसाला, पन्नास वर्षांसाठी. लोक रस्त्यावर आले. डिसेंबर १८९१ मध्ये मोठ्या धर्मगुरूंच्या नावाने फतवा निघाला की, तंबाखू ओढणं हराम. अख्ख्या देशाने हुक्का खाली ठेवला. खुद्द शहाच्या जनानखान्यात हुक्का भरून मिळेना, असं सांगतात. जानेवारी १८९२ मध्ये करार रद्द झाला. जनता जिंकली.

पण बिल कोणाच्या नावावर फाटलं? कंपनीला नुकसानभरपाई द्यायची ५ लाख पौंड. शहाकडे नव्हते. मग ते दिले ह्याच इम्पीरियल बँकेने, कर्ज म्हणून, सहा टक्क्यांनी. तारण काय? इराणी आखातातल्या बंदरांची जकात. इराणचं हे पहिलं मोठं परदेशी कर्ज. नोटा छापायचा हक्क बँकेकडे, आणि आता बंदरांच्या जकातीवरही तिचाच बोजा. १९०० मध्ये रशियाने मोठं कर्ज देऊन हे इंग्रजी कर्ज फेडायला लावलं. बदल्यात बाकीच्या बहुतेक जकातीवर स्वतःचा हात ठेवला. सावकार बदलला, एवढंच.

१८९६ मध्ये नासिरुद्दीन शहाचा खून झाला. मुलगा गादीवर आला, मग नातू, मग पणतू. नोटेवर चित्र मात्र कित्येक वर्षं नासिरुद्दीनचंच राहिलं. ज्याने हक्क विकला तो गेला, पण विक्रीच्या कागदावर त्याचा चेहरा तसाच.

ह्या सगळ्यात मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट १९०६ ची. इराणमध्ये घटनेसाठी चळवळ झाली आणि पहिली संसद भरली. सरकार म्हणालं, इंग्रज आणि रशियनांकडून पुन्हा कर्ज घेऊ. नव्या प्रतिनिधींनी साफ नकार दिला. आपली स्वतःची राष्ट्रीय बँक काढू, पैसे लोकांकडून उभे करू. आणि लोकांनी दिले. बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले. विद्यार्थ्यांनी पुस्तकं विकून पैसे आणले. ज्या लोकांना आयुष्यात कधी कोणी भागधारक म्हणून विचारलं नव्हतं, ते देशाच्या बँकेचे भाग घ्यायला आले.

ती बँक त्या वेळी उभी राहिली नाही. जमलेले पैसे पुरले नाहीत, आणि दोन्ही मोठ्या सत्तांना ती नकोच होती. १९०७ मध्ये त्यांनी इराणची आपसात प्रभावक्षेत्रं वाटून घेतली, इराणला न विचारता.

राष्ट्रीय बँक, म्हणजे ‘बँक मेल्ली’, उघडली ती १९२८ मध्ये. आणि १९३० मध्ये रझा शहाच्या सरकारने नोटा छापायचा हक्क इम्पीरियल बँकेकडून परत विकत घेतला. किंमत २ लाख पौंड. आपल्याच देशाच्या नोटा छापायच्या, म्हणून आपणच पैसे मोजायचे. १९३२ मध्ये बँक मेल्लीच्या नोटा आल्या. त्यातही गंमत अशी की, त्या छापल्या अमेरिकन कंपनीने, आणि राष्ट्रीय बँकेचा पहिला प्रमुख होता एक जर्मन. पण नोटेमागचं वचन आता इराणचं होतं. इम्पीरियल बँक करार संपेपर्यंत, १९४९ पर्यंत, साधी बँक म्हणून चालली. १९५२ मध्ये तिने इराण सोडलं. पुढे ती ज्या बँकसमूहात गेली, त्याच्या शाखा आज मुंबई-पुण्यात आहेत.

बँकेबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. ती लुटारूंची टोळी नव्हती. नोटा घेऊन लोक खिडकीवर तुटून पडले तेव्हाही तिने चांदी मोजून दिली, आणि नोट बुडू दिली नाही. त्या अर्थाने आमच्या गावातल्या संस्थेपेक्षा ती शंभर पटीने बरी. पण साठ वर्षांसाठी दिलेल्या हक्काचा दोष बँकेच्या कारकुनावर कसा टाकणार? घाईच्या पैशासाठी, लोकांना न विचारता, न परतणारी वस्तू ज्याने विकली, दोष त्याचा.

आता घरचं.

आमच्या गावातल्या त्या पतसंस्थेचा वर्धापनदिन झाला, तेव्हा पेपरची चार पानी पुरवणी निघाली होती. ती मी काढली. मथळाही मीच दिला, ‘विश्वासाची पंचवीस वर्षे’. तालुका वार्ताहराला पगार किती असतो हे या धंद्यातल्यांना माहीत आहे. जाहिरातीवरचं कमिशन हेच खरं उत्पन्न. त्या पुरवणीच्या कमिशनमधून मी मुलीची फी भरली. चेअरमनचा हसरा फोटो पहिल्या पानावर. ठेवींचा आकडा ठळक टाइपात. थकीत कर्ज किती, संचालकांच्या नातेवाइकांना कर्ज किती, हे मी विचारलं नाही. विचारायचं शिकलो होतो, डिप्लोमात पहिल्याच महिन्यात शिकवतात. विचारलं नाही.

शटर बंद झाल्यावर मी बातमी करायला गेलो. ठेवीदार उभे होते. बाजारात भाजी विकणाऱ्या एक मावशी आहेत, आमच्या आईच्या ओळखीच्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली ठेव पावती. मला बघून म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या पेपरात आलं होतं ना, म्हणून ठेवले मी."

रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं सांगत होत्या.

त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. नोट कागदाची, पावती कागदाची आणि पेपरही कागदाचाच. तिन्ही चालतात ते मागे कोणीतरी उभं आहे या भरवशावर. रॉयटरला हे माझ्यापेक्षा चांगलं कळलं होतं. बातमीवर लोकांचा विश्वास बसला की पुढचा माणूस त्या विश्वासाचं काय करेल ते सांगता येत नाही.

म्हणून जे तेव्हा विचारलं नाही ते आता सगळ्यांसाठी लिहितो. पावती घेताना चित्र, इमारत, चेअरमनची गाडी बघू नका. तेच तीन प्रश्न विचारा. वचन कोण देतंय? बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नसतो. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नाही, सहकार खात्याच्या देखरेखीखाली असते. हे अर्ध्या गावाला आजही माहीत नाही, आणि ते माहीत नसण्यात आमच्या पेपरचा वाटा आहे. दुसरा प्रश्न, माझ्या ठेवीचे पैसे पुढे कुणाला कर्जाने दिले? वार्षिक सभेत बसा, अहवाल मागा, चहा-वडा घेऊन परत येऊ नका. तिसरा, पैसे मागितल्यावर कुठे आणि किती दिवसांत मिळणार? ‘फक्त’ हा शब्द दिसला की थांबा.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता ठेवीदार मारुतीच्या देवळात जमणार आहेत. तालुक्याच्या सहायक निबंधकांना द्यायचं निवेदन तयार आहे. मावशी येणार आहेत. मी वार्ताहर म्हणून नाही, त्यांच्या शेजारी बसायला जाणार आहे. पुरवणीचा एक अंकही बरोबर नेणार आहे. कुणाला दाखवून विचारायचं असेल तर विचारा.

अण्णांना हे सगळं टपरीवर सांगितलं. चहा केव्हाच गार झाला होता. ते बराच वेळ मोबाईलवरची नोट मोठी करून बघत राहिले. मग म्हणाले, "नोकरीत मी एकाही माणसाला तिकीट देऊन सांगितलं नाही की, फक्त घाटापर्यंत बस आहे, पुढचं तुमचं तुम्ही बघा."

रविवारी या.